वृंदावनाची जाळी

लग्नाला चार दिवस राहिले होते आणि ते मेलं मशीन सातवा कागद फाडत होतं.

माझ्या हातची कागदी जाळी छावणीपासून सिडकोपर्यंत किती जणींच्या रुखवतात मिरवली, त्याची गणती नाही. आता माझ्याच अश्लेषाचं रुखवत. त्यात तुळशीवृंदावन ठेवायचं, चारी भिंतींना तांदळाएवढ्या भोकांची जाळी. लेकीच्या रुखवतात आईच्या हातचं नाही मांडायचं तर कुणाच्या? पण आईचा उजवा हात दिवाळीपासून थरथरतो. डॉक्टरांनी त्याला नावही दिलंय. घरात कुणाला सांगितलेलं नाही. अश्लेषाला कळलं तर ती लग्नानंतर अमेयरावांबरोबर कॅनडाला जायचीच नाही, इथंच माझ्या उशाशी बसेल. पोर माझ्यावरच गेलीय, हट्टी. म्हणून हे कागद कापायचं मशीन आणलं. हल्ली अशीच फॅशन आहे, असं सगळ्यांना सांगितलं.

मशीनमध्ये कागद एका चिकट मॅटवर लावून सरकवायचा. मॅट आधी इतकी चिकट की कागद सोलून निघाला. मग चिकटपणाच गेला, कागद सरकला आणि जाळीचे कोपरे एकमेकांवर चढले. ब्लेड खोल केलं तर फाडतंय, वर घेतलं तर नुसतं ओरखडतंय. गुलमंडीच्या बाजारातून जाड कागद आणवला, तोही मशीननं गिळला. मला रडू यायला लागलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं नाचणारी लंगडी होती आणि अंगणही खरंच वाकडं होतं.

मालनबाई फुलंब्रीहून येतात, वीस वर्षं आमच्याकडे कामाला. फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "वैनी, कशाला त्या डबड्याच्या नादी लागता? कातर घ्या की. तुमच्या हातात लई कला हाय."

"तुम्ही गपचूप पुसा," मी खेकसले. बिचाऱ्या बादली उचलून आत गेल्या.

अकराव्या कागदाला जमलं. एकही रेघ चुकली नाही. हुश्श म्हणून खुर्चीत बसले आणि तेव्हा लक्षात आलं, कापलेले तुकडे आपोआप पडत नाहीत. चिमट्यानं एकेक उचलून काढावे लागतात. दीडशे तुकडे, प्रत्येक तांदळाएवढा. ते काम मशीन करत नाही. ते हातानंच करायचं.

मनगट टेबलाला दाबून धरलं. पहिला तुकडा निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्याला चिमटा घसरला आणि अख्खी जाळी टर्रकन फाटली. तोंडात पदर कोंबून मी रडले.

"आई, हात दाखव."

अश्लेषा दारात केव्हापासून उभी होती कोण जाणे. मी हात पदराखाली घेतला. तिनं तो ओढून काढला आणि आपल्या तळहातावर ठेवला. तो तिथंही हलत राहिला.

"कधीपासून?"

"दमलेय गं. बाकी काही नाही."

"कधीपासून, आई?"

"दिवाळीपासून."

ती रडली नाही. तिनं अमेयरावांना फोन लावला. "अमेय, माझं तिकीट रद्द कर. लग्न करू या, पण मी तिकडं येत नाही."

"ठेव तो फोन!" मी ओरडले. आयुष्यात तिच्यावर इतकी ओरडले नव्हते. फोन तिच्या हातून हिसकावला. सांगणार होते, तिचं काही ऐकू नका, मला काहीही झालेलं नाही. फोन कानापर्यंत पोचलाच नाही. बोटांतून निसटून फरशीवर पडला आणि तिथून अमेयराव विचारत राहिले, "आई? आई, तुम्ही बोलताय का?"