लाकूड पायाने धरू नका

मी विजेवर चालणारी करवत बोलतेय. तिसगावात मला करवत कोणी म्हणत नाही, ‘मशीन’ म्हणतात, आणि अलीकडे ‘ती मशीन’ म्हणतात, तोंड वाकडं करून. म्हणून ठरवलं, आपली बाजू आपणच मांडावी. माझ्याविषयी सगळे बोलतात. माझं ऐकायचं म्हटलं तर अडचण अशी की मी तोंड उघडलं की लोक कानात बोटं घालतात.

माझं अंग समजून घ्या. मागे मूठ, मुठीत खटका, पुढे दुसऱ्या हाताने धरायची मान, आणि तोंडात वीतभर पातं. खटका दाबला की पातं पुढे-मागे धावतं, मोजायचं म्हटलं तर मोजणाराच थकेल. पात्याच्या बुडाशी एक लोखंडी पट्टी असते. ती लाकडाला घट्ट टेकवली की मी गरीब गाय. नाही टेकवली तर लाकूड मला ओढतं, मी लाकडाला हिसके देते, आणि मधल्या मध्ये माणूस हलतो. इतकं साधं आहे. पण साधं सांगितलेलं माणसाला पटेल तर ना.

जन्म परदेशातला. एका धरणाच्या कामावर पेटीत बसून आले, काम संपल्यावर लिलावात निघाले आणि नगरला अलीमशेठच्या दुकानात फळीवर जाऊन पडले. जुनी हत्यारं विकणारा हा माणूस चौथीत शाळा सोडलेला, पण माझ्या पेटीतली इंग्रजी पुस्तिका त्याने नुसती चित्रं बघून उलगडली होती. गिऱ्हाईक आलं की आधी चहा, मग एक किस्सा, आणि मग माल. चौदा महिने मी त्याचं ऐकत होते. माझ्या जिभेला हे वळण लागलंय ते तिथूनच.

एकाहत्तरच्या दिवाळीआधी तिसगावचा सूर्यभान सुतार आला. बैलगाडीची चाकं करावीत तर त्यानेच, असा त्याचा लौकिक. तो जमिनीवर बसायचा, लाकडावर उजवा पाय ठेवायचा आणि अंगठ्याच्या बेचक्यात ते असं धरायचा की वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, चालवताना केसभर हलत नसे. लोक म्हणायचे, सूर्यभानला तीन हात आहेत.

“पाव्हणं, नीट ऐका,” अलीमशेठ म्हणाला. “दोन्ही हातांनी धरायची. पट्टी लाकडाला टेकवायची. पात्याला हात लावायच्या आधी वायर काढायची. अन् लाकूड शिकंज्यात.”

“व्हय व्हय,” सूर्यभान म्हणाला. त्याची नजर पात्यावर.

“व्हय व्हय न्हाई. माझं एक गिऱ्हाईक पाण्याचं इंजिन घेऊन गेलं. तेबी असंच व्हय व्हय म्हणालं. इंजिन तापलं, तर पठ्ठ्यानं वर बादली वतली. म्हणे, बैलाला घालतो तशी त्यालाबी आंघुळ घातली. इंजिन मधनं तडकलं.”

“त्यो शेतकरी आसंल. म्या सुतार हाय, शेठ.”

अलीमशेठ हसला. शिकंजा, म्हणजे लाकूड आवळून धरणारा लोखंडी जबडा, दुकानाच्या कोपऱ्यात होता, तो त्याने दाखवला नाही. हे मी पाहिलं.

तिसगावात आले आणि पहिल्याच आठवड्यात माझी पट्टी गेली. “पट्टी आड येती, आखलेली रेघ दिसत न्हाई,” म्हणून सूर्यभानने पाना लावून ती काढली आणि दाराला कोयंडा म्हणून ठोकली. मग माझी तिसरी तार, झटका जमिनीत नेणारी, कापली, कारण भिंतीतल्या बोर्डाला भोकं दोन. मग प्लग फुटला. नवा आणायला पाथर्डीला कोण जाणार? उघड्या तारा भोकांत घातल्या आणि वर काडेपेटीच्या काड्या ठोकल्या. एकदा त्याची बायको रतनबाई ओल्या हातांनी माझ्याभोवतीचा भुसा गोळा करायला आली आणि माझ्या अंगाला हात लागताच दोन हात मागे फेकली गेली. सूर्यभान म्हणाला, “नवीन हाय, वळख व्हायाची हाय तिची.” म्हशीला जसं म्हणतात तसं.

आणि माझ्या खटक्याशेजारी एक बारीक कळ आहे. ती दाबली की बोट काढलं तरी खटका दबलेलाच राहतो. ही कळ मात्र त्याला पहिल्याच दिवशी सापडली. एक हात मोकळा झाला की बिडी ओढता येते. मला बनवणाऱ्याने काय काय विचार केला असेल. बिडीचा नसेल केला.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे तो पाय. मी चालू, आणि माझ्यापासून चार बोटांवर अंगठा. वाकस हातात असते, हात थांबला की ती थांबते. मी तशी नाही. माझं थांबणं खटक्यात आहे, आणि खटका तर त्याने कळीला बांधून ठेवलेला. हे मी रोज ओरडून सांगत होते, आणि तो रतनबाईला म्हणायचा, “बघ, काय झ्याक चालली.”

रतनबाईला ते झ्याक दिसत नव्हतं. झटका बसल्यापासून करंट गेला की ती आधी भिंतीकडे जायची आणि तारा उपसून ठेवायची. कोणी शिकवलं नव्हतं. सुताराला त्याचा वैताग. “मेलेल्या तारंला काय भेतीस? पुन्ना काड्या बसवाया माजा येळ जातो.” चार-पाच वेळा ऐकलं आणि तिने ते सोडलं.

बहात्तरचं साल पाण्यावाचून गेलं. गाड्या कोण करून घेणार? पण तलावाची, खडीची दुष्काळी कामं निघाली आणि टिकाव-कुदळींना दांडे हवे झाले. मुकादमाने बाभळीचे तीनशे दांडे सोमवारपर्यंत मागितले. दांड्यावाचून बायामाणसं कामावरून परत चालली होती, त्यामुळे सूर्यभानने दिवसभर मान वर केली नाही.

शनिवारी दुपारी एक ओंडका दोन ठोकळ्यांवर आडवा, वर पाय, मधोमध मी. टोकं टेकलेली आणि काप मधे, म्हणजे लाकूड पात्यावर मिटणारच. तसं ते मिटलं, मी अडकले, आणि तेवढ्यात करंट गेला.

कळ दाबलेलीच होती. तारा भिंतीत होत्या. सूर्यभानने मला तशीच लाकडात रोवलेली ठेवली, पाय आणखी पुढे सरकवला आणि पात्याजवळ पाचर ठोकायला वाकला.

दारात रतनबाई धुण्याची बादली घेऊन उभी. “तारा काढू का?” तिने विचारलं.

“ऱ्हाऊ दे. आत्ता यील करंट.”

त्याचं हे एक बोलणं तेवढं खरं ठरलं.

पाचर बसली होती, लाकूड सैल झालं होतं. टेकायला पट्टी नाही, धरायला हात नाही. मी लाकडातून उसळले ती आडवी त्याच्या पायावर. रतनबाईने बादली टाकली आणि दोन्ही हातांनी वायर धरून भिंतीतून ओढली. ती क्षणभर जरी विचार करत राहिली असती तर पाऊल गेलं असतं. पाऊल राहिलं. अंगठा गेला, आणि शेजारच्या बोटाचं पेर.

जीपमधून पाथर्डीला नेलं, टाके पडले. घरी त्याची आई गोजरबाई मीठ-मोहरी ओवाळून म्हणाली, “त्या अवदसेला हिरीत टाका. माझ्या लेकाचं बोट खाल्लं तिनं.”

“तिनं न्हाई खाल्लं, आत्याबाई,” रतनबाई म्हणाली. “तिच्या तोंडाला आमीच लावलं.”

तिसगावात आल्यापासून माझ्या बाजूने बोललेलं तेवढं एक वाक्य.

जखम भरल्यावर सूर्यभान खाली बसला, लाकडावर पाय ठेवला, वाकस उचलली. लाकूड सरकलं. पुन्हा धरलं, पुन्हा सरकलं. अंगठ्यावाचून तो पाय म्हणजे नुसतं वजन. आज्याने बापाला, बापाने त्याला दिलेली ती पकड होती.  मग तो वाकस भुशात रोवून बाहेर गेला. माझा त्याच्यावर राग होता, पण ते बघवलं नाही.

अलीमशेठ विचारपूस करायला आला तो पोत्यात शिकंजा घेऊन.

“ह्यो तवाच का दावला न्हाई, शेठ?” सूर्यभानने विचारलं.

अलीमशेठला किस्से कधी कमी पडत नाहीत. त्या दिवशी एकही निघाला नाही. “जोडीला ह्यो बी घे म्हटलं असतं,” तो म्हणाला, “तर तू दोन्ही ठेवून गेला असतास. मला विकायची होती.”

रतनबाईने त्याला चहा दिला, पण बस म्हणाली नाही.

आता कमरेइतका उंच बाक आहे, त्यावर शिकंजा, शिकंज्यात लाकूड. दाराचा कोयंडा उपसून माझी पट्टी मला परत दिली आहे. तीन तारांचा प्लग आहे. आजूबाजूचे सुतार येतात आणि उभ्याने काम करणारा सुतार बघून हसतात. “सूर्यभान, आता जेवाया बी टेबल कर,” म्हणतात. तो चप्पल काढून पाय पुढे करतो. हसणं थांबतं. मग ते घरी जातात आणि लाकडावर पाय ठेवून बसतात. मी हात टेकले आहेत या लोकांपुढे, असं म्हटलं असतं, पण मला हात नाहीत.

तुमच्याकडे माझ्यासारखी कोणी आली तर तिला भिऊ नका आणि तिच्यावर विश्वासही ठेवू नका. तिला थांबवणं तुमचं काम. करंट गेला की आधी खटका सोडा, मग प्लग काढा, मग खुशाल बिडी ओढा.

सवय मात्र फार चिवट. आजही माझा आवाज सुरू झाला की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवरून उचलला जातो, लाकूड शोधतो. त्याला कळतही नाही. दारात बसलेल्या रतनबाईला कळतं.

“पाय,” ती म्हणते.

तो पाय खाली ठेवतो. मग मी लाकडाला लागते.