सुवर्णकांती

चंद्रभागाबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र श्रावणात आलं होतं आणि आता दसरा तोंडावर आला होता. पत्र अवघड होतं असंही नाही. त्यांनी लिहिलं होतं, ‘तुम्ही जवळा बाजारला एकटे, मी साखऱ्याला एकटी. दोन चुली कशाला? रीतसर लग्न करू. वाजंत्री नको. दसरा झाला की मुलगा मला कायमची नाशिकला नेणार आहे. त्याआधी हो की नाही ते कळवा. फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता, म्हणून पत्र.’

हे वाचूनही मी हं म्हणालो होतो.

चंद्रभागाबाई आमच्या गावच्या दवाखान्यात नर्स होत्या आणि मी वाचनालयात ग्रंथपाल. त्या पुस्तकं नेत आणि वेळेवर परत आणत. माझ्या लेखी ही लहान गोष्ट नव्हती. एका संक्रांतीला गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला गेल्या, आणि नवरा वारलेला म्हणून यांना कुणी बोलावलं नाही, तेव्हा त्या वाचनालयात पेपर वाचत बसल्या होत्या. पेपर कालचा होता. मी आजचा नेऊन दिला. त्या म्हणाल्या, “राहू द्या, कालचाच संपेना.” आमच्यात याहून जास्त काही घडलेलं नाही. निवृत्त झाल्यावर त्या साखऱ्याला आपल्या घरी गेल्या.

माझं लग्न झालेलं नाही. तरुणपणी दोन-तीनदा मुलगी पाहायला नेलं होतं. मी पोहे खाऊन आलो.

उत्तराचे मसुदे मी बरेच केले. नुसतं ‘हो’ लिहिलं तर उद्धट वाटे, ‘होय’ लिहिलं तर सरकारी. कारणं लिहायला गेलो की पत्राची प्रस्तावना होई. शेवटी साखऱ्याला जाऊन समक्ष सांगावं असं ठरवलं आणि एका सकाळी निघालो.

हिंगोलीला उतरलो तर साखऱ्याला जाणारी सेनगावकडची गाडी लागायची होती. हाताशी वेळ असला की माझा धीर सुटतो. स्टँडसमोर एक नवी पाटी दिसली : ‘निवांत स्नानगृह. वाफ, मालिश, गरम पाण्याचा हौद. प्रवासाच्या थकव्यावर उपाय.’ मी थकलो नव्हतो. पण जवळ्याहून हिंगोली म्हणजे प्रवास नाही असं कोण म्हणेल? शिवाय गुडघे दुखत होतेच. मी आत गेलो.

काउंटरवर निलम नावाची मुलगी होती. नाव छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं. तिनं एक कार्ड पुढे केलं.

“कोणतं करायचं, काका?”

मला त्यातलं काही कळेना. विचारायचं तर मागे माणसं उभी होती. कार्डावर शुद्धलेखनाच्या चुका फार होत्या. ‘सुवर्णकांती’ एवढा एकच शब्द बिनचूक होता. मी त्यावर बोट ठेवलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. “तुमच्यासाठीच ना?”

“हं.”

“अभिनंदन हं, काका.”

अभिनंदन कशाचं ते कळलं नाही. बहुधा इथं सगळ्यांचंच करत असावेत.

आत उत्तमसिंग होता. आडदांड माणूस, मालिश करणारा. त्यानं मला पंचा दिला आणि लाकडी पेटीत बसवून वाफ सोडली. डोकं तेवढं बाहेर आणि बाकीचा मी आत. ही अवस्था मला फारशी नवी वाटली नाही. नंतर त्यानं मला बाकावर पालथं घातलं आणि काहीतरी थंड, दाट, अंगभर चोपडायला सुरुवात केली. उताणा झालो तेव्हा ते पिवळं आहे हे दिसलं.

“हे काय आहे?”

“हल्दी. असली, कुरुंदा गावची. सुवर्णकांतीत हीच लागते, काका. दुल्ह्याचं पॅकेज हाय ना.” चेहरा चोपडता चोपडता त्यानं विचारलं, “लगीन कधी हाय?”

“अजून कळवायचं आहे.”

“कोणाला?”

“नवरीला.”

उत्तमसिंगचा हात माझ्या गालावर थांबला. “मांडव न्हाई, पत्रिका न्हाई, नवरीला खबर न्हाई, अन् हल्दी अगुदर!”

थांबा म्हणावंसं वाटलं. पण तोपर्यंत कानही झाले होते.

गरम पाण्याच्या हौदात मात्र बरं वाटलं. गुडघे गप्प बसले. भिंतीकडे तोंड करून मी हळूच म्हणून पाहिलं, “हो.”

“पानी गरम हाय ना?” उत्तमसिंगनं मागून विचारलं.

“हो,” मी म्हणालो. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

बाहेर येऊन आरशात पाहिलं. चेहरा, हात, मान, सगळं पिवळंधमक. मी साबण मागितला.

“कुरुंद्याची हाय, काका,” उत्तमसिंग अभिमानानं म्हणाला. “साबणाचं ऐकत न्हाई.”

निघताना निलमनं एक पुडी हातात दिली. “उरलेली हळद, काका. सुवर्णकांतीत ती गिऱ्हाइकाची असते.”

स्टँडवर सेनगावची गाडी लागली होती. माणसं माझ्याकडे पाहत होती. असल्या तोंडानं चंद्रभागाबाईंच्या दारात उभं राहायचं म्हणजे न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देण्यासारखं. मी शेजारच्या औंढ्याच्या गाडीत जाऊन बसलो. औंढ्याहून जवळ्याला, म्हणजे घरी.

शेजारी एक म्हातारी येऊन बसली. पायाशी बोचकं, डोक्यावर पदर. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“अगं माय! हळदीच्या अंगानं एकटे काहून फिरून राहिले, दादा? संगं कोणी न्हाई?”

“नाही.”

“हातात लोखंड तरी?”

“नाही.”

“वारं लागलं म्हंजे?” तिनं कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढला आणि माझ्या मुठीत कोंबला. “धरा हे. लगीन लागूस्तोर सोडू नका. मग जवळ्याच्या बाजारात आणून द्या. मी शेळ्या घिऊन येत असते, शालूबाई म्हणून कोणालाबी पुसा.”

मी अडकित्ता धरला. नको म्हणायला जागाच नव्हती.

“नवरी कुठली?”

खोटं बोलायला वेळ लागतो. मी म्हणालो, “साखऱ्याची.”

“मंग ह्या गाडीत काहून? ही तं औंढ्याला जाती!” आता पुढची दोन बाकंही वळून पाहत होती. शालूबाई त्यांना म्हणाली, “नवरदेव पळून राहिला वाटतं!”

सगळे हसले. मीही हसलो असेन.

“त्यांच्या घरी जायला निघालो होतो,” मी म्हणालो. “पण अशा अंगानं कसं जाणार?”

“जाऊच न्हाई! हळद लागल्यावर नवरदेव नवरीच्या दारात जातो व्हय? आपली उष्टी हळद तिला धाडायची असती. ती गेल्याबिगर नवरीला हळदच लागत न्हाई. धाडली का?”

मांडीवरच्या पिशवीत पुडी होती. श्रावणापासून मी शब्द शोधत होतो. आणि जायचं नसतं, धाडायचं असतं, अशी रीत आधीपासूनच होती. माझ्यासारख्यांसाठीच कुणीतरी करून ठेवल्यासारखी.

“नाही धाडली,” मी म्हणालो.

“मंग उतरा की! कंडक्टर, डबल बेल मारू नका, नवरदेव उतरून राहिला!”

मी उतरलो. पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. कोऱ्या कागदावर लिहिलं, ‘सोबतची हळद उरलेली आहे.’ वाचून पाहिलं. ‘उरलेली’ खोडून ‘उष्टी’ केलं. खाली सही केली आणि कागद पुडीसकट पाकिटात घातला. मसुद्यात एवढी एकच दुरुस्ती झाली.

काउंटरवरच्या माणसानं पाकीट दाबून पाहिलं. “आत काय आहे?”

“उत्तर.”

त्यानं माझ्या तोंडाकडे, मग मुठीतल्या अडकित्त्याकडे पाहिलं. पाकिटावर माझ्या बोटांचे पिवळे ठसे उमटले होते. पत्ता मात्र स्वच्छ वाचता येत होता. त्यानं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.