विठ्ठलरावांचे दोन अर्ज

नेकनूरजवळच्या त्या गावात सरकारविरुद्ध बोलायचे काम विठ्ठलरावांकडे होते. कुणी दिले नव्हते, त्यांनीच घेतले होते. निजाम सरकारने काही वाढवले की ते वाढीविरुद्ध बोलत, काही कमी केले की कपातीविरुद्ध. "सरकार शिंकलं तरी तुमाला राग, न्हाई शिंकलं तरी राग," असे त्यांची बायको तुळजाबाई म्हणे.

त्या साली बीडहून एकाच टपालाने दोन हुकूम आले. मेंढरांवरचा कर, म्हणजे चराई, वाढला. आणि काटकसर म्हणून मेंढरे मोजणाऱ्या मुंजाजीची नोकरी गेली. विठ्ठलराव सकाळी पारावर धनगरांपुढे चराईविरुद्ध बोलले. संध्याकाळी त्याच पारावर मुंजाजीच्या भाऊबंदांपुढे कपातीविरुद्ध बोलले. "गरिबाच्या पोटावर पाय देऊन खजिना भरता काय?" ते गरजले. दोन्ही वेळा माना डोलल्या. तालुकदाराकडे दोन अर्जही गेले, एकाच लखोट्यातून.

धुळाजी धनगराला फक्त सकाळचे भाषण ठाऊक होते. मोजणाराच नाही तर चराई कशाची, या आनंदात त्याने आपला कळप पाच रात्री विठ्ठलरावांच्या रानात बसवायचे कबूल केले. त्या रानाचा कस तीन वर्षांपासून उतरला होता. ज्वारी कमरेच्या वर जाईना. लेंड्यांचे खत पडले तरच यंदा आशा होती. कोणता तुकडा आधी, कोणता नंतर, हे तुळजाबाईने मनात आखून ठेवले होते.

कळप बसल्याच्या तिसऱ्या सकाळी मुंजाजी आला. हातात नारळ, दोन्ही खांद्यांना एकेक पिशवी.

"विठ्ठलराव, तुमचा अर्ज मंजूर झाला! नोकरी परत भेटली."

"अन् चराईचा?" विठ्ठलरावांनी हळूच विचारले.

"तो नामंजूर. म्हटलं, पहिली मोजणी तुमच्याच रानातून करावी. लई उपकार हायेत तुमचे."

धुळाजीने घोंगडी झटकून खांद्यावर टाकली. "राव, ह्याला तुमी आणलंत? कावून?"

"माणुसकी म्हणून रे..."

"मग माणुसकीच ठेवा रानात. मेंढरं चालली माझी."

"चालू दे की," मुंजाजी खुशीत म्हणाला. "चालल्याबिगर मोजता कुठं येतात?"

हे खरे होते. काट्यांच्या वाडग्यात, म्हणजे कुंपणात, दाटीने बसलेली मेंढरे मोजता येत नाहीत; एक दोनदा धरले जाते, दुसरे राहून जाते. वाडग्याच्या दोन हात रुंद तोंडातून ती एकेक बाहेर पडू लागली की मुंजाजी प्रत्येकामागे एक चिंचोका डाव्या पिशवीतून उजव्या पिशवीत टाकी.

मेंढरे निघाली तर धुळाजीच्या माथी चराई आणि रानाला खत नाही. विठ्ठलरावांनी दोघांकडे पाहिले, धोतराचा सोगा खोचला आणि वाडग्याच्या तोंडात हात पसरून उभे राहिले.

"एक मेंढरू भायेर पडणार न्हाई! वाढीव चराई आमाला मंजूर न्हाई!"

"अन् माझी नोकरी?" मुंजाजी घाबरला.

"ती मंजूर हाय. तू बस."

मुंजाजी नारळ मांडीवर घेऊन बसला. त्याला पगार दिवसाचा होता, मेंढरांचा नव्हता.

"राव, भुकेली हायेत ती," धुळाजी म्हणाला.

विठ्ठलरावांनी मानेनेच आपल्या खळ्याकडे खूण केली. धुळाजी तिथून तुरीचे भुसकट आणून काट्यांवरून आत ओतू लागला. चौथ्या पाटीला त्याचा राग उतरला. सहाव्या पाटीला तो "लई गोड हाय भुसकट," असेही म्हणाला.

दुपारी तुळजाबाई भाकरी घेऊन आली. नवऱ्याचे हात एव्हाना खांद्यांच्या उंचीवरून कमरेपर्यंत उतरले होते, आवाज मात्र शाबूत होता.

"अवो, किती येळ असं?"

"सरकार माघार घेईपर्यंत!"

तिने वाडग्यातली लेंड्यांनी काळी पडलेली जमीन पाहिली. मग वरच्या अंगाचा, अजून खत न पडलेला तुकडा पाहिला.

"परवापर्यंत घेऊ देऊ नका माघार," ती भाकरी देत म्हणाली. "अन् तवर वाडग्याचे काटे वरच्या तुकड्यावर सरकवायला ह्या मुंजाजीला लावा. सरकारी पगार चालूच हाय त्याचा."