एलिसाबायनं सांगितलं

"डोळे मिट, पान उघड आणि बोट ठेव," एलिसाबाय म्हणाली.

कमळीने पदराला हात पुसले, पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं. पाचूबंदरहून ती सकाळीच रिक्षाने सांडोरला आली होती. तिच्या नवऱ्याच्या, आत्मारामच्या छातीत दोनदा कळ येऊन गेली होती. डॉक्टर म्हणत होते, बायपास करा. दीर म्हणत होता, चालता-बोलता माणूस कशाला फाडायला द्यायचा? आत्माराम बायकोला एवढंच म्हणाला होता, "तू ठरव."

एलिसाचं पुस्तक म्हणजे सासूकडून आलेला, संतांच्या गोष्टींचा जुना ठोकळा. एकतीस वर्षं नर्स म्हणून नोकरी करून ती घरी बसली, तेव्हापासून लोक पुस्तकासाठी येऊ लागले. मुलगी या घरी द्यावी का, मस्कतला जावं का? बोट पडेल ती ओळ एलिसा वाचायची आणि अर्थ लावून द्यायची. बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या मनात असायचा तोच अर्थ निघायचा. फादरना हे पसंत नव्हतं, पण त्यांची सख्खी बहीणही एकदा येऊन गेली होती.

"काय लिवलंय?" कमळीने विचारलं.

बोट गोष्ट संपल्यानंतरच्या कोऱ्या जागेवर होतं.

"काही नाही लिहिलेलं."

कमळीचा चेहरा उतरला. अशा वेळी एलिसा पुन्हा बोट ठेवायला सांगायची. पण कमळीने सोबत आणलेली फाइल तिने मघाशीच चाळली होती. तीन नळ्या बंद होत्या. तिने पुस्तक मिटलं.

"हे राहू दे. मी सांगते. ऑपरेशन कर."

"पुस्तकात निघालं म्हनून सांगू घरात?"

"नाही. एलिसाबायनं सांगितलं म्हणून सांग."

ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी आत्माराम पेज प्यायला, नातेवाइकांशी बोलला. पाचव्या दिवशी पहाटे ताप चढला तो उतरलाच नाही. सातव्या दिवशी तो गेला.

बातमी एलिसाच्या मुलाने, नेल्सनने आणली.

"मम्मी, तुला पुस्तकाचं नाव घ्यायला काय झालं होतं? आता सगळं बंदर तुझं नाव घेतंय."

"पुस्तकानं सांगितलं नव्हतं," एलिसा म्हणाली.

"मग फोन कर. जाऊ नको तिथं."

ती दहा दिवस थांबली. फोन तिने दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. तेवढ्या दिवसांत दोघीजणी पुस्तक विचारायला आल्या; बरं वाटत नाही म्हणून तिने त्यांना परत पाठवलं. दहावं झाल्यावर साधी साडी नेसून ती पाचूबंदरला गेली.

दारातच आत्मारामची बहीण जयवंती बसली होती. "हीच ना ती?" ती मोठ्याने म्हणाली. बस कोणी म्हटलं नाही. एलिसा उभी राहिली.

आतून कमळी आली. कपाळ रिकामं, आवाज बसलेला.

"कमळी, मी सांगितलं होतं," एलिसा म्हणाली. पुढचं वाक्य तिने वाटभर घोकलं होतं, ते काही आठवेना.

"तूच सांगितलंस." कमळी तिच्याकडे बघत राहिली. "डाक्टर बोलला, करा, पन मर्जी तुमची. दीर बोलला, नको, पन बघ बाय तुझं तू. देवीला कौल लावला, तोपन कोनी नीट सांगंना. तू एकटीच बोललीस, माझं नाव सांग."

"माझं चुकलं असेल."

"असंल. मला नाय कलत." कमळीने डोळे पुसले. "पन तो आपरेशनला जाताना घाबरला नव्हता. बोलला, शिकलेल्या बायनं सांगितलंय."

जयवंतीने तोंड फिरवलं.

वारा फिरला होता. अंगणात चादरीवर जवळा सुकत घातला होता, तो उडू लागला. कमळी लगबगीने बाहेर गेली आणि चादरीची दोन टोकं धरून वाकली. एलिसा पायऱ्या उतरली. गुडघे धरत खाली बसली आणि तिने समोरची दोन टोकं उचलली.

तिला कोणी अडवलं नाही.