पुनव्याचा आवाज

मी पुनव्या बोलतोय. हो, तोच, मोबाईलवर माळरानातून धावत येणारा, अर्धा माणूस आणि अर्धा लांडगा. घाबरू नका. सध्या मी खर्ड्यात अख्तरीबाईंच्या शिलाई मशीनजवळ पोत्यात पडलोय आणि माझी एक बाही बाहेर लोंबते आहे. दात आहेत, पण रबराचे.

माझा जन्म सोनईचा. तिथे एडविन सर शाळेत चित्रकला शिकवतात. सुट्टीत त्यांनी मला कागदावर काढलं. दिवसा मेंढरं राखणारा साधा माणूस, पण पुनवेला अंगावर केस फुटतात, म्हणून नाव पुनव्या. त्यांच्या पत्नी हन्नाबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, फुलं-पाखरं काढा की. हे ध्यान कशाला घरात?" मला भारी राग आला होता. पण त्यांची लेक आराधना माझी चित्रं उशाशी घेऊन झोपायची, म्हणून मी हन्नाबाईंना माफ केलं.

माझं चित्रांचं पुस्तक निघालं. शाळांत आणि जत्रांत खपलं. मग पुण्याची एक कंपनी आली. त्यांना माझ्यावर मोबाईलवर बघायची मालिका काढायची होती. सरांनी सही केली त्या दिवशी घरात पेढे वाटले. कागदावरून पडद्यावर जायचं म्हणून माझीही छाती फुगली. आता वाटतं, कागदावर काय वाईट होतं? तिथे कुणी मारलं तरी लागत नव्हतं.

शूटिंग खर्ड्याजवळच्या माळावर ठरलं. माझं डोकं पुण्याहून आलं, अंग मात्र गावातच अख्तरीबाईंकडून शिवून घेतलं. त्या एरवी ब्लाउज, पडदे, दुलया शिवतात. जाड कापडावर बकरीचे केस ओळीने टाचून त्यांनी मला उभं केलं. चेन पाठीमागे हवी, कॅमेऱ्यात दिसू नये, असं दिग्दर्शकांनी बजावलं.

"आन् घालनाऱ्याला एकट्याला काढायची झाली तर?" अख्तरीबाईंनी विचारलं.

"आम्ही असतो ना," दिग्दर्शक म्हणाले.

घालणारा अख्तरीबाईंचाच मुलगा होता, अमीर. कबड्डीतला गडी, पळण्यात कुणाला हार जायचा नाही. तो पहिल्यांदा माझ्यात शिरला तेव्हा अख्तरीबाईंनी विचारलं, "गळ्यापाशी टोचतंय का रं?" तो म्हणाला, "न्हाई अम्मी, पर गरम लई हुतंय." त्याचं काळीज माझ्या छातीत धडधडू लागलं आणि मला प्रथमच जिवंत असल्यासारखं वाटलं.

सिनेमावाल्यांची एक गंमत सांगतो. रात्रीचं दृश्य ही मंडळी भर दुपारी घेतात. कॅमेऱ्यात काहीतरी करामत करून उन्हाचं चांदणं करतात. म्हणजे माझी पुनव उगवायची ती डोक्यावर ऊन असताना! अमीर घामाने निथळायचा आणि मी त्याच्या अंगाला चिकटून बसायचो.

त्यात कंपनीला जाहिरातीची हुक्की आली. अमीर झुडपांतून वाकून पळतोय असा हलता, धूसर व्हिडिओ त्यांनी सोडून दिला. मालिकेचं नाव नाही, काही नाही. खाली एवढंच, 'खर्ड्याच्या माळावर हे काय दिसलं?' लोकांनी आपणहून पुढे पाठवावं, ही युक्ती. लोकांनी पाठवला. पण त्याच सुमाराला माळावर मेंढरं घेऊन उतरलेल्या गोजरबाईंच्या तळावरून कोकरं गेली होती. उसात बिबट्या फिरतोय म्हणून माणसं आधीच धास्तावलेली. त्यांना ती जाहिरात कशी वाटणार? त्यांना चोर सापडला आणि त्यांनी काठ्या हातात घेतल्या.

त्या दुपारी कॅमेरा टेकाडावर होता. आम्ही खाली गवतातून हातापायांवर धावत यायचं होतं. निघालो, आणि ओढ्यापलीकडून हाकाटी उठली.

"त्यो बघा! त्यो बघा! सोडा कुत्री!"

अमीर थबकला, पण घाबरला नाही. त्याला वाटलं, कंपनीने गर्दीसाठी माणसं आणली असतील, आपल्याला सांगायचं राहिलं असेल. वर दिग्दर्शकांना वाटलं, वा, गाववाले हौसेने आलेत. अमीर तर काम चोख व्हावं म्हणून जोरात गुरगुरलासुद्धा. पहिला दगड बरगडीवर बसला तेव्हा त्याला कळलं.

तो उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात वर केले. तिथेच घात झाला. दोन पायांवर उठलेला लांडगा बघून माणसं अधिकच बिथरली.

"आरं, हुबं ऱ्हातंय त्ये! मारा!"

गोजरबाईंचा मुलगा बजरंग सगळ्यांत पुढे होता. अमीर सांगत होता, "मी हाय, मी अमीर," पण रबरी जबड्यात शब्दांचा चोथा होऊन बाहेर नुसती घुरघुर येत होती. त्याने हात पाठीकडे नेला. पंजाच्या जाड बोटांत चेन येईना. मला स्वतःहून उसवता आलं असतं तर मी टराटरा उसवलो असतो हो! पण अख्तरीबाईंची शिलाई पक्की.

कुत्री आली. एकाने मांडीला धरलं. त्याचे दात माझ्या कापडात रुतले तेव्हा मी मनोमन विनवत होतो, माझ्यापाशीच थांब, आत जाऊ नकोस. जेवढं अडवता आलं तेवढं मी अडवलं. काठी मात्र मला अडवता आली नाही. खांद्यापाशी काहीतरी कट्‌कन मोडलं आणि अमीर खाली कोसळला. बजरंगने काठी पुन्हा उगारली, या वेळी डोक्यावर.

तेव्हा अमीर ओरडला. बाकीचे सगळे शब्द जबड्यात अडकले होते, हा एकच जसाच्या तसा बाहेर आला.

"अम्मीऽऽ!"

गोजरबाई मध्ये घुसल्या. लेकाची काठी त्यांनी वरच्या वर धरली.

"थांब रं मुडद्या! आईला हाक मारतंय त्ये! लांडगा आईला हाक मारतो व्हय?"

कुणीतरी कुत्री मागे ओढली. बजरंगने माझं डोकं दोन्ही हातांनी उपसलं. आतून घामाने आणि रडण्याने भिजलेलं पोराचं तोंड निघालं. "मानूस हाय," तो पुटपुटला. गोजरबाईंनी अमीरचं डोकं मांडीवर घेऊन त्याला पाणी पाजलं. "लेकरा, आमाला काय म्हाईत रं," असं म्हणत त्या त्याच्याहून जास्त रडत होत्या.

टेकाडावरून दिग्दर्शक धावत आले. त्यांनी पहिला प्रश्न कॅमेरावाल्याला विचारला.

"चालू होता ना?"

चालू होता.

अमीरचं हाड जुळलं, पण डावा हात अजून पुरता वर जात नाही. मालिका आली, त्यात ते दृश्य ठेवलंच. एडविन सर पुण्याला जाऊन भांडले, ते काढून टाका म्हणाले. त्यांना सांगण्यात आलं की आता पुनव्या कंपनीचा. लोकांना नेमकं तेच दृश्य सर्वांत आवडलं. 'काय अभिनय आहे!' असं खाली लिहितात. मी मुळात कौतुकाचा भुकेला, पण हे कौतुक माझ्या घशाखाली उतरत नाही.

मागच्या आठवड्यात कंपनीने मला दुरुस्तीसाठी इथे पाठवलं. दुसरा भाग काढायचा आहे आणि त्यांना अमीरच हवा आहे. अख्तरीबाईंनी मला मांडीवर घेतलं, सुईत दोरा ओवला. मग अमीरला म्हणाल्या, "दाव मला त्ये. मी अजून बघितलं न्हाई."

त्याने मोबाईल लावला. पडद्यावर तो कोसळला, काठी उगारली गेली, आणि माझ्या तोंडून लांडग्याचं लांबलचक विव्हळणं निघालं. अख्तरीबाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. मोबाईल कानाशी धरून ऐकलं.

"तू तर मला हाक मारली हुतीस ना रं?"

"मारली हुती, अम्मी. त्यांनी काढून टाकली."

त्यांनी सुई खाली ठेवली. मला पोत्यात कोंबलं. "शिवायची न्हाई म्हनावं. आन् तू बी जायचं न्हाई." अमीर आईला टेकून बसून राहिला.

उद्या मला पुण्याला परत धाडतील. तिथे मला दुसरी कातडी चढेल, दुसरा कुणी माझ्यात शिरेल, ते माझ्या हातात नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. ते दृश्य तुमच्यासमोर आलं, तर त्या विव्हळण्याला टाळ्या देऊ नका. त्या दुपारी मी ओरडलोच नव्हतो. ओरडला होता तो अमीर. जी हाक ऐकून गोजरबाईंनी काठी धरली, तीच नेमकी कंपनीने पुसली आणि तिथे माझा आवाज चिकटवला.