ताईंचं प्रॉम्प्टिंग

"अहो ताई, सांगा ना तिला!" नाटकवाले सर विंगेत दबक्या आवाजात किंचाळले.

ताई संहितेवर बोट ठेवून ढिम्म बसल्या होत्या. समोर रंगमंचावर म्हातारीच्या वेशातली चिमणी गप्प उभी होती. शाळाशाळांच्या इंग्रजी नाट्यस्पर्धेची अंतिम फेरी, हॉल तुडुंब, म्हातारीला घराबाहेर काढायला आलेले दोन अधिकारी समोर उभे, आणि म्हातारीचं शेवटचं मोठं भाषण आलं तेव्हाच घोडं पेंड खात होतं.

खरं सांगायचं तर चूक सरांचीच. प्रॉम्प्टिंगची मुलगी ऐनवेळी तापाने पडली, तर त्यांनी त्या जागी बसवलं कोणाला? मॉन्टेसरीच्या ताईंना! पोर बुटाच्या बंदाशी घामाघूम होईपर्यंत झटापट करत असलं, तरी ही बाई शेजारी बसून नुसती बघणार. कोणी आई कळवळून म्हणाली, "बांधून द्या की हो त्याला," तर हिचं ठरलेलं उत्तर, "त्याने मागितलं का?" अशा बाईला प्रॉम्प्टर करणं म्हणजे मौन धरलेल्या माणसाला लिलाव पुकारायला लावण्यासारखंच की!

पण चिमणीच्या बाबतीत ताईंचाही जीव टांगणीला लागला होता. पोर शाळेत आली तेव्हा रांगत होती. शाळेची रीत अशी, की एकाच खोलीत तीन बायका आणि प्रत्येकीची एकच भाषा. ताईंची घरची, दुसरीची इंग्रजी, तिसरीची फ्रेंच. बाकीची मुलं चेहरा बघून भाषा बदलायची. चिमणी मात्र चार वर्षांची होईपर्यंत एकाही भाषेत चकार शब्द बोलली नाही.

"तिघींच्या भाषांत माझी पोर मुकी राहिली हो," म्हणून तिची आई ताईंसमोर रडली होती. ताई म्हणाल्या होत्या, "मुकी नाही ती, साठवतेय. थांबा जरा." आणि घरी जाऊन स्वतः रात्रभर तळमळल्या होत्या. आपण चुकत असलो तर?

पुढे चिमणी बोलायला लागली, पण मोजकंच. बोलावं लागणार नाही अशा ठिकाणी ती रमायची. पोहणं झालं, बुद्धिबळ झालं, गाण्याच्या चमूत मागची रांग झाली. शाळेच्या शेवटच्या वर्षी मात्र काय वाटलं कोण जाणे, स्वतःहून नाटकात आली, आणि तीही थेट मुख्य भूमिकेत! आज सकाळी आईने ताईंचा हात धरला होता. "आज अडली ना ताई, तर पुन्हा तोंड उघडायची नाही. मी ओळखते तिला."

आणि आता ती अडली होती.

ताई टक लावून बघत होत्या. अडलेलं मूल मोठ्या माणसाकडे बघतं, शोधणारं मूल कुठेच बघत नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं गणित. चिमणीने विंगेकडे एकदाही मान वळवली नव्हती. हॉलमध्ये कोणीतरी खाकरलं. सरांनी संहिता हिसकावली, तशी पानं सुटून विंगभर झाली. सर गुडघ्यांवर बसून ती गोळा करू लागले.

तेवढ्यात चिमणी दोन पावलं पुढे आली. समोरच्या अधिकाऱ्याकडे तिने खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि घरच्या भाषेत म्हणाली, "सांगते की. पण कुठल्या भाषेत सांगू? कुठली कळते तुम्हाला?"

हे नाटकात कुठेच नव्हतं. अधिकारी झालेला मुलगा बावचळला. तिने तेच फ्रेंचमध्ये विचारलं. तो आणखीच बावचळला. मग एक मोठा सुस्कारा सोडून, तुमच्यासाठी हेही करते बाबा, अशा थाटात तिने अख्खं भाषण इंग्रजीत म्हटलं. एक शब्द गळला नाही. हॉल आधी हसला, मग शांत झाला, आणि मग टाळ्या थांबेनात. ताईंच्या डोळ्यांना धार लागली. अंगावर मूठभर मांस चढलं म्हणतात ना, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

बक्षीस मिळालं नाही. इंग्रजी नाटकात इतर भाषा चालत नाहीत, असा नियम निघाला.

"एक शब्द सांगितला असतात तर करंडक आपला होता," सर धुसफुसले.

"होता खरा," ताई म्हणाल्या. त्यांना कणभरही वाईट वाटत नव्हतं.

नंतर रिकाम्या रंगमंचावर चिमणी सामान आवरत होती. ताईंना राहवलं नाही. "तू माझ्याकडे बघितलं नाहीस गं. तेव्हाच ओळखलं मी, ही शोधतेय."

"शोधत कसली होते! घाम फुटला होता मला," चिमणी म्हणाली. "पण तुझ्याकडे बघून काय उपयोग? तू कधी सांगतेस का?"

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. आयुष्यभराचं गणित पोरीने एका वाक्यात पुसून टाकलं होतं. चिमणी हसली.

"तू असतेस ना शेजारी, मग मला आपोआप सुचतं. लहानपणापासून." तिने म्हातारीच्या घरातल्या लाकडी बाकाचं एक टोक धरलं. "हा मात्र खरंच जड आहे गं ताई. धर ना तिकडून."

ताईंनी पदराने डोळे पुसले आणि लगबगीने दुसरं टोक धरलं.