डावा दिवा लागत नाही

मला एका जागी तीन रात्रींच्या वर चैन पडत नाही. बायको अर्लीन वारली, मी घर विकलं, हा राहण्याजोगा ट्रेलर घेऊन ट्रकला जोडला आणि तेव्हापासून पायाला भिंगरी. कॅन्ससला मुलीकडे आलो तरी तिच्या घरात झोपत नाही. गॅरेजसमोर ट्रेलर उभा करतो, आतून वायर ओढून वीज घेतो, जेवायला आत, झोपायला बाहेर. मार्सी त्यावर कधी काही बोललेली नाही. आमच्या घरात कुणी कुणाकडे काही मागत नाही, तशी रीतच नाही.

या खेपेला शनिवारी पोचलो. रविवारी जेवताना बटाटे वाढता वाढता ती म्हणाली, "गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. छातीत गाठ आहे. सकाळी सहाला पोचायचंय."

"मी मंगळवारी निघतोय," मी म्हणालो. "ॲरिझोनात ट्रेलरला जागा राखून ठेवलीय."

"बरं," म्हणाली आणि मिठाची बाटली माझ्याकडे सरकवली.

असला बाप बघून तुम्ही शिव्या घालाल. घाला. अर्लीनलाही गाठच होती. मी एकवीस दिवस दवाखान्यातल्या एका खुर्चीत बसून काढले आणि एकटा बाहेर आलो. तिथला वास नुसता आठवला तरी जीव घाबरा होतो. पुन्हा त्या दारातून आत जायची माझ्यात हिंमत नव्हती, एवढं साधं आहे.

सोमवारी मागचे दिवे बदलायला घेतले. जुने बल्ब इतके मंद झाले होते की परवा एक ट्रकवाला अगदी बुडाशी येऊन थांबला. एलईडी दिव्यांची जोडी मी बरोबर आणलीच होती. काम तासाभराचं, चार स्क्रू आणि तीन वायरी. पण ब्रेकचे दिवे तपासायला दोन माणसं लागतात. एकानं ट्रकमध्ये बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं ट्रेलरच्या मागे उभं राहून ओरडून सांगायचं. हे काम अर्लीनचं असे. आता मार्सी उभी राहिली.

"उजवा?"

"लागला."

"डावा?"

"नाही."

इंडिकेटर चालू ठेवून मी स्वतः मागे जाऊन पाहिलं, तर डावा छान उघडझाप करत होता. म्हणजे ब्रेकचीच भानगड. वायर पुन्हा सोलली, पुन्हा जोडली, ती लोखंडाला टेकते तिथला गंज घासून काढला. डावा? नाही, डॅड. मंगळवारी मार्सीच्या गाडीतून दुकानात गेलो, नवा दिवा आणला, ट्रेलरची वायर ट्रकला जोडतो तो प्लगही बदलला. डावा? नाही. ॲरिझोनाला फोन करून दोन दिवसांनी येतो म्हणून सांगितलं आणि दिवसभर स्वतःवरच चरफडत राहिलो. ब्रेकवर काठी टेकवून मागे जाऊन बघावं, एवढंही सुचलं नाही. पोटची पोरगी समोर उभी राहून सांगतेय म्हटल्यावर काठी कुणाला आठवते?

बुधवारी सकाळी मार्सी आत फोनवर बोलत होती. समोरच्या घरातला हार्लन कॉफीचा कप घेऊन रस्ता ओलांडून आला. "काय रे, तिसऱ्या दिवशीपण तोच खेळ?"

"डावा लागत नाही ब्रेकला."

"कोण म्हणतं? सोमवारपासून बघतोय मी ओसरीतून. दोन्ही नुसते लालभडक. डोळे दिपले माझे. जा, दाब बघू."

मी दाबला.

"दोन्ही लागलेत," तो मागून म्हणाला. "चष्मा तुला हवाय की लेकीला?"

माझं डोकंच फिरलं. तीन दिवस. नवा दिवा, नवा प्लग, बोटं सोलून निघाली. हार्लनला वाटेला लावलं आणि मार्सीला हाक मारली. रंगेहाथ पकडायचं आणि सरळ निघायचं, एवढंच डोक्यात होतं. ती आली, मागे जाऊन उभी राहिली. जराशी कडेला होती, म्हणून मला बाजूच्या आरशात दिसत होती. वारा सुटला होता आणि तिनं दोन्ही हात काखेत धरले होते.

ब्रेक दाबला. "डावा?"

तिनं दिव्याकडे पाहिलं, मग आरशातून माझ्याकडे.

"मार्सी, डावा?"

"लागलाय," ती म्हणाली. "सोमवारपासून लागतोय."

मी ब्रेकवरचा पाय काढलाच नाही. ती चालत माझ्या खिडकीशी आली. चाळीस वर्षांची बाई, पण ओठ लहानपणी थरथरायचे तसेच.

"मला उद्याची फार भीती वाटतेय, डॅड. तू थांबशील का?"

सगळा राग कुठल्या कुठे गेला. लाज तेवढी उरली. ह्या पोरीला हे एक वाक्य बोलायला तीन दिवस लागले होते, आणि मी ते तीन दिवस वायरी सोलत बसलो होतो.

"आत येववेल की नाही, माहीत नाही," मी म्हणालो. "खोटं नाही सांगत. तुझ्या आईच्या वेळी..."

"माहितीय. दारापर्यंत ये."

मी खाली उतरलो, ट्रकच्या मागे गेलो आणि ट्रेलर जोडलेला होता तिथली खीळ काढायला घेतली. ती निघता निघेना.

"हे काय करतोयस?"

"ट्रक सोडवतोय. दवाखान्यात एवढं धूड मागे घेऊन कोण जातं?"

निघायचं म्हणून मी मंगळवारीच काढून ठेवलेले लाकडी ठोकळे तिनं उचलले आणि खाली बसून ट्रेलरच्या चाकांना लावले.